चौथं नाव

एक होतं जंगल. जंगलात एक वाघ होता आणि तो राजा होता. पुढे जंगलात लोकशाही आली, तेव्हा तोच वाघ निवडून आला. फरक एवढाच पडला की पूर्वी त्याला हरणांमागे धावावं लागायचं, आता हरणं रांगेत यायची.

या जंगलात कुणाला काही हवं असलं की तो पाणवठ्यावरच्या अर्जुनाच्या झाडाखाली जायचा. झाडाच्या बेचक्यात एक कोतवाल पक्षी बसलेला असायचा, काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब पिसं. ‘गोड बोरं कुठे मिळतील?’ असं विचारलं की तो एका दमात तीन नावं सांगायचा. चौथं नावही त्याला माहीत असायचं, चाळिसावंही. पण तीन ऐकली की विचारणारा चालू लागायचा. चौथं नाव ऐकायला कुणी थांबल्याचं जंगलात कुणाला आठवत नव्हतं. कोतवाल स्वतः फांदी सोडून कुठे जात नसे. त्याच्या मुंग्या जायच्या. त्या प्रत्येक बिळात, ढोलीत, गुहेत शिरायच्या, पाटीवर काय लिहिलंय ते वाचायच्या, कोण कुणाबद्दल काय बोलतंय ते ऐकायच्या आणि सगळं येऊन कोतवालाच्या कानात ओतायच्या. त्यावरून कोतवाल नावांचा क्रम लावायचा. काही नावं घेण्याआधी तो हळूच खोकायचा. त्या नावांच्या मालकांनी मुंग्यांना मध पोचवलेला असायचा.

ही सोय इतकी उत्तम होती की जनावरांनी वास घेणंच सोडून दिलं. मेलेलं ढोर कुठे आहे हे तरसालासुद्धा विचारावं लागायचं, तेही ढोराच्या शेजारी उभं राहून.

याच जंगलात करवंदीच्या जाळीखालच्या बिळात यमुनाक्का साळिंदर राहायची. ती पायात रुतलेले काटे काढायची. बाभळीचा असो, बोरीचा असो, स्वतःच्या अंगावरचं एक बारीक, टोकदार पीस उपटून ती अशी काही टोकरायची की रुग्णाला कळायच्या आत काम झालेलं असायचं. मात्र एका बैठकीत ती काटा कधी काढत नसे. पहिल्या दिवशी दांडा काढायचा, जखमेत रुईचा चीक भरायचा आणि बजावायचं, “परवा या. टोक आत आहे. चिकानं ते वर येईल, मग काढू. नाही आलात तर बोंबलत बसाल.” ही तिच्या आईची पद्धत होती, आणि तीन पिढ्यांत त्यांच्या हाताखालचा एकही पाय कुजला नव्हता. (मध्ये दोन लांडगे येऊन ‘आमच्या एका विरोधकाचा काटा काढायचाय’ म्हणाले होते. आक्काने त्यांना पिसं दाखवून हाकललं.)

असं सगळं छान चाललं असताना एका सकाळी टिटवीने दवंडी पिटली.

“ऐका हो ऐका! जंगलात काय आहे आणि काय नाही, याचा घोळ कायमचा मिटवण्यासाठी महाराजांनी ठरवलंय! येत्या पौर्णिमेला जो धंदा कोतवालाच्या पहिल्या तीन नावांत नसेल, तो धंदा नाहीच, असं समजण्यात येईल! आणि जो नाहीच, त्याला बीळ कशाला? सदर बिळं गरजूंना वाटण्यात येतील!”

गरजू म्हणजे महाराजांचे मानलेले मेहुणे, तरस. त्यांच्याकडे तेव्हा फक्त नऊ बिळं होती.

यमुनाक्का तशीच पाणवठ्यावर गेली. “कोतवालदादा, काटा कोण काढतं हो?”

कोतवाल खोकला. “वानर बंधू काटेमुक्ती केंद्र, आमची कुठेही शाखा नाही.” पुन्हा खोकला. “अस्वल आणि मंडळी. तिसरं, घोरपडीचा पाला.” आक्का हलली नाही तेव्हा तो गोंधळला. इतका वेळ त्याच्यासमोर कुणी उभंच राहिलं नव्हतं. आक्काचं नाव अकरावं आलं. त्यापुढे मुंग्यांचा शेरा होता : अंधारं बीळ, पाटी नाही, मालकीण टोचते.

आक्काला त्या दिवशी मनापासून वाईट वाटलं. वानर बंधू रुग्णाची शेपूट ओढून टाळ्या वाजवत, अस्वल जखमेवर मध चोपडत असे, आणि घोरपड तर गेल्या उन्हाळ्यात वारली होती. मेलेल्या घोरपडीच्याही मागे आपण आठ नावं, ही गोष्ट तिच्या जिव्हारी लागली.

तिची शेजारीण गोदाबाई ससे म्हणाली, “आक्का, सरडे सरांना भेटा. अगदी शेवटच्याला वर आणतात म्हणे.”

सरडे सर कुंपणावर राहायचे. समोरचा काहीही म्हणाला तरी ते मान हलवायचे, त्यामुळे त्यांचं सगळ्यांशी जमायचं. त्यांनी बीळ आतून-बाहेरून पाहिलं आणि मान हलवली.

“आक्का, तुमचं काम चांगलं आहे, ही अडचण नाही. अडचण ही आहे की ते मुंगीला दिसत नाही. रुग्णासाठी तुम्ही खूप केलंत. आता थोडं मुंगीसाठी करा.”

“मुंगीच्या पायात कुठला काटा रुततोय?”

“तेच तर तुम्ही समजून घेत नाही!” सर म्हणाले.

मग पाटी आली. पाटीवर सरांनी लिहिलं : ‘काटा. काटा काढणे. जवळचा काटा. माझ्याजवळचा काटा. जंगलातील सर्वोत्तम काटा. बाभळीचा काटा कसा काढावा. काटा, काटा, काटा.’ ती वाचून दोन हरणांना वाटलं इथे काटे मिळतात, आणि ती लांबूनच पळाली. मुंग्यांना मात्र पाटी आवडली. दारातली पडलेली पिसं झाडून मुंग्यांना वाट करून दिली. जाळी छाटून बिळात उजेड घेतला, तशी आक्काची दुपारची झोप गेली. एवढं केल्यावर नंबर सातवा आला.

“आता मोठ्यांनी तुमचं नाव घ्यायला हवं,” सरडे सर म्हणाले. “मोठा एकदा बोलला की मुंग्या शंभरदा लिहितात. तुमच्याकडे मोठे येऊन गेलेत ना?”

आले होते की! आक्का गव्याकडे गेली. गव्याने आजूबाजूला बघून आवाज खाली केला. “आक्का, उपकार विसरलो नाही. पण गव्याला काटा टोचला, असं चारचौघांत कसं सांगू? कळपात काय किंमत राहील माझी?” रानडुक्कर म्हणालं, “मी तुम्हाला ओळखत नाही,” आणि असं म्हणताना त्याने पायाची पट्टी चिखलात लपवली. बिबट्याने तर कानांवर हात ठेवले. ज्यांचा काटा काढला ते सगळे जण काटा निघाल्याच्या क्षणापासून काटा कधी नव्हताच, असं म्हणून चालायला लागलेले होते.

फक्त गोदाबाई म्हणाली, “मी सांगते. सशाची कसली आलीय इभ्रत?” तिने सांगितलं, तिच्या जावांनी सांगितलं, नणंदांनी सांगितलं, आणि सशांच्या घरात नणंदा किती असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘यमुनाक्काने माझा काटा काढला’ हे वाक्य पाणवठ्यावर इतक्या तोंडांनी आलं की मुंग्या लिहून लिहून दमल्या. पौर्णिमेला चार दिवस उरले असताना आक्काचं नाव तिसरं झालं. पण ते काही पक्कं नव्हतं. तरस मेहुण्यांनीही आता काट्यांची पाटी लावली होती आणि त्यांचे नातेवाईक मध घेऊन निघाले होते.

त्याच सुमारास निवडणूक आली. महाराजांची घोषणा होती, ‘पाऊल तिथे फूल!’ महाराज एका फुलबागेचं उद्घाटन करायला गेले आणि पहिल्याच पावलाला त्यांच्या पंजात बाभळीचा काटा गेला.

भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, महाराज लंगडत कोतवालाकडे गेले. कोतवालाने तीन नावं सांगितली. वानर बंधूंनी शेपटीला हात घालण्याआधी मोठं भाषण केलं. अस्वलाने मध चोपडला, त्यावर मुंग्या आल्या. मग महाराज करवंदीच्या जाळीपाशी आले आणि आत वाकून म्हणाले, “आम्ही आलेलो नाही.”

“बरं,” आक्का म्हणाली. “न आलेला पाय पुढे करा.”

दांडा निघाला तेव्हा महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. “माग, काय हवं ते माग.”

“एकच हवंय, महाराज. परवा पौर्णिमेला तुमची सभा आहे. सभेत एकदा म्हणा, यमुनाक्काने माझा काटा काढला. माझं बीळ राहील.”

“दिला शब्द!”

“आणि सभा झाली की इकडे या. टोक आत आहे.”

सभेला सगळं जंगल लोटलं. आक्का पिसं चापून-चोपून पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी गोदाबाई. महाराज उभे राहिले. पाय दुखत नव्हता, समोर हजारो माना होत्या.

“माझ्या वनबंधूंनो, वनभगिनींनो! पाच वर्षांत तुमच्यापैकी एकाला तरी काटा टोचलाय? टोचला असेल त्याने पाय वर करावा!”

ज्यांच्या पायात काटा होता त्यांचे पाय आधीच वर होते. ते पाठिंब्यासाठी वर आहेत, असं धरण्यात आलं.

“बघा! काही जण म्हणतात, आम्ही काटे काढले. अरे, काटे होते कुठे? हा काटा आहे तरी काय? एक शब्द! विरोधकांनी आणलेला शब्द! आजपासून हा शब्द कोतवालाच्या झाडाखाली चालणार नाही. पायात जे रुततं, त्याला फूल म्हणायचं!”

 आक्काला संताप आला, आणि मग, जन्मभराची सवय म्हणून, त्या पायाची काळजी वाटली. ती ताडकन उठून ओरडली, “महाराज, टोक आत आहे!”

गर्दीला वाटलं नवी घोषणा आली. हजारो कंठांतून आवाज घुमला, “टोक आत आहे! टोक आत आहे!” महाराजांनी हात जोडून तिचा स्वीकार केला.

संध्याकाळी मुंग्या बिळाशी आल्या. पाटीवरचा नको असलेला शब्द आणि त्याची आठवण करून देणारे शब्द त्यांनी खरवडून काढले, तेव्हा पाटीवर फक्त ‘जवळचा’, ‘माझ्याजवळचा’ आणि ‘जंगलातील सर्वोत्तम’ एवढंच उरलं.

“अंगावर हे काय आहे?” मुंगीने विचारलं.

“पिसं.”

“काट्यांसारखी दिसतात. काटे तर जंगलात नाहीत.”

“मग तुम्हीच ठरवा मी कोण ते.”

मुंगीने थोडा विचार करून लिहिलं : फूलझाड. फूलझाडाला बीळ लागत नाही, म्हणून बीळ तरसांना गेलं. आक्का नाल्यापलीकडे एका बोरीखाली उघड्यावर राहायला गेली. गोदाबाई रोज तिला कोवळी मुळं पोचवायची, आणि येताना ज्याच्या पायात फूल रुतलंय अशा एखाद्याला कानात सांगून सोबत आणायची.

सभेनंतर टोक काढायला कुणी परत आलं नाही, त्यामुळे महाराजांच्या पायातलं टोक वर आलं तसं पुन्हा आत गेलं. महाराज लंगडू लागले. महाराज लंगडतात म्हणून प्रधान लंगडू लागले, मग आमदार, मग नुसते कार्यकर्ते. त्याला राजचाल म्हणायची पद्धत पडली. सरळ चालणाऱ्याकडे लोक संशयाने बघू लागले. सरडे सरांनी राजचालीचे वर्ग काढले.

मतदानाच्या आदल्या दुपारी महाराज पुन्हा अर्जुनाखाली आले. पाय सुजून भोपळा झाला होता.

“काटा काढणारी ती कुठे राहते?”

“असा शब्द नाही, महाराज,” कोतवाल म्हणाला. “तुम्हाला ‘फूल काढणारी’ म्हणायचंय का?”

“हो रे बाबा, तेच! लवकर सांग!”

कोतवाल खोकला. “वानर बंधू फूलमुक्ती केंद्र.” खोकला. “अस्वल आणि मंडळी.” खोकला. “तरस मेहुणे, करवंदीची जाळी.” मग, महाराज आहेत म्हणून असेल, तो न खोकता पुढे म्हणाला, “चौथं, नाल्यापलीकडे बोरीखाली एक फूलझाड आहे, ते...”

पण महाराज करवंदीच्या जाळीकडे चालू लागले होते.

निवडणूक ते प्रचंड बहुमताने जिंकले. त्या जंगलात आज कुणीही लंगडत नाही. खोटं वाटत असेल तर कोतवालाला विचारून बघा, पहिली तिन्ही उत्तरं हेच सांगतात.