खवलेमांजर तालमीत गेली

बालमित्रांनो, कौलारू छपरासारखे अंगभर खवले असलेला एक प्राणी आपल्या डोंगरांत असतो. त्याला खवलेमांजर म्हणतात. नावात मांजर असले तरी त्याला दूध नको की उंदीर नको. वारूळ फोडावे आणि आतल्या वाळवीवर ताव मारावा, एवढेच त्याला ठाऊक. आणि कुणी नुसते रोखून पाहिले, तरी ते अंगाचे मुटकुळे करून बसते. अशीच एक खवलेमांजर एका जंगलात आपल्या पिलासह राहत असे.

त्या वर्षी ती मोठ्या आजारातून उठली होती. पायांत त्राण नव्हते, आणि उन्हाने वारुळे तर दगडासारखी टणक झालेली. ती पंजा मारी, पण वारुळाला ओरखडाही उठत नसे. जमिनीवर सापडतील तेवढ्या मुंग्या खाऊन दोघे दिवस काढत होती. शेपटीवर बसून फिरणारे पिलू दिवसेंदिवस हलके होत चालले होते.

जंगलात एका जुन्या आंब्याखाली तालीम होती. रानगवा तिथला वस्ताद. सकाळी तिथे अस्वल जोर काढी, रानडुक्कर बैठका मारी आणि वानर मल्लखांबावर कसरत करी. "तालमीत जा, अंगात ताकद येईल," असे शेजारच्या साळिंदराने तिला कितीदा तरी सांगितले होते. ती रोज जाई, करवंदीच्या जाळीआडून बघे आणि परत येई. "एवढ्या पैलवानांत मी काडीपैलवान. सगळे माझ्याकडेच बघत राहतील," ती म्हणे. मग ठरलेले उत्तर, "उद्या जाईन." असा उद्या कधी उजाडतो का?

एके सकाळी पिलू भुकेने रडलेसुद्धा नाही, नुसते पडून राहिले. तेव्हा मात्र तिच्या काळजाचे पाणी झाले. पिलाला साळिंदराकडे ठेवून ती थेट तालमीत शिरली. मला विचाराल, तर तिथल्या कुठल्याही पैलवानाच्या डावापेक्षा हे धाडस मोठे होते. पण ती आत पाऊल टाकते न टाकते तोच अस्वलाने मान वळवली. झाले! हिने नाक पोटात घातले, शेपटी वर गुंडाळली आणि जागच्या जागी गोळा होऊन पडली.

आता गंमत अशी, की तालमीत ताकद कमवायला उचलण्याच्या दगडी गोट्या असतात, आणि ती पडली होती नेमकी त्यांच्या शेजारी. त्यात अस्वलाची नजर अधू. "वस्तादांनी नवी गोटी आणलेली दिसते," असे म्हणत त्याने तिला उचलून छातीशी घेतले.

खवलेमांजरीने मुटकुळे आणखी घट्ट आवळले. मग तिला अस्वलाच्या छातीतली धडधड ऐकू आली. ते पुटपुटत होते, "सगळे माझ्याकडेच बघतायत. आज गोटी हातातून सुटली, तर वानर मला हसेल." तिने खवल्यांच्या फटीतून हळूच पाहिले. वानराचे अस्वलाकडे लक्षही नव्हते. मल्लखांबावरून आपला पाय घसरतो आहे, याचीच त्याला काळजी. रानडुक्कर बैठका मोजताना चुकले होते आणि कुणी ऐकले तर नाही ना, म्हणून ओशाळून इकडेतिकडे बघत होते.

तिला हसू आले, आणि हसताना काही मुटकुळे टिकत नाही. खवले सैल झाले, नाक बाहेर आले. "दादा, मी हातातून सुटले तरी चालेल. कुणाचंच लक्ष नाहीये," ती हळूच म्हणाली.

गोटी बोलते आहे हे पाहून अस्वल मटकन खाली बसले. "अगं, आधी सांगायचंस की."

"तुमची भीती वाटली."

"माझी?" अस्वल म्हणाले. "मला वाटायचं, इथं भीती फक्त मलाच वाटते."

तोवर रानगवा जवळ आला होता. "पोरी, इथं नव्या गड्यानं आधी आखाड्याची माती खणायची. हा तालमीचा रिवाज आहे," तो म्हणाला. ती खणू लागली आणि थोड्याच वेळात तिला धाप लागली. "बास आजच्याला. उद्या ये," वस्ताद म्हणाला. तिची हकिकत कळल्यावर अस्वल म्हणाले, "तुझ्या अंगात ताकद येईपर्यंत पिलाला वाळवी मी आणून देतो. पण जांभळं पिकली, की मी पलीकडच्या डोंगरावर जाणार बघ."

ती रोज येऊ लागली. कधी पाय दुखत, कधी शिरताना पुन्हा मुटकुळे होई. मग ती थोडा वेळ तशीच पडून राही, उठे आणि माती खणू लागे. तिची ही चिकाटी पाहून वस्तादही मनोमन खूश होता.

जांभळे पिकली. निघण्यापूर्वी अस्वल तिच्याबरोबर वारुळापाशी आले. मागोमाग सारी तालीम आली. या खेपेस खरोखरच सगळे तिच्याकडे बघत होते. तिचे नाक पोटाकडे वळले, पण शेपटीवर पिलू होते. तिने मान वर केली आणि पंजा मारला. नुसता ओरखडा उठला. कुणी हसले नाही. मग आखाड्यात खणायची तशी ती बुडापासून खणत गेली, आणि एक मोठे ढेकूळ निखळून वारुळाला भोक पडले.

पिलू शेपटीवरून घरंगळत उतरले आणि त्याने आपली लांब जीभ त्या भोकात घातली.

तात्पर्य : चारचौघांत पहिले पाऊल टाकताना जी भीती आपल्याला वाटते, ती त्या चौघांनाही वाटत असते, तेव्हा लोक काय म्हणतील हे बाजूला ठेवावे आणि आपली माती खणायला लागावे.