वारुळाला बक्षीस का नाही

प्राण्यांच्या गावांतही पंचायती होत्या तेव्हाची गोष्ट. दूरदेशी शिकून आलेल्या पाकोळीला, पंचायतीच्या नव्या चिटणिसाला, वाटलं होतं की वारा घालण्यात काटकसर करणाऱ्या दुकानाचं बक्षीस वाळवीमावशीच्या गारेगार वारुळातल्या दुकानालाच मिळणार. मिळालं साळिंदरशेठला!

"त्यांच्याकडे दहा वटवाघळं वारा घालायची, आता आठच. केवढी बचत!" सरपंच मुंगूस म्हणाले.

"मावशींकडे तर एकही नाही, वारूळ आपोआपच गार राहतं!"

"मग बचत मोजायची कशातून, बाई?"

बिनबक्षिसाची दुकानं पंचायत नव्या रस्त्यासाठी पाडणार होती. मावशी म्हणाली, "पोरी, दहा वटवाघळं आजच ठेवते, उद्या काढते. मग देतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकोळीनं ठरवलं: वैशाखातली भरदुपारची सभा वारुळातच बोलवायची, आणि तिथल्या गारव्यात सरपंचांना डुलकी लागेपर्यंत रस्त्याचा विषय काढायचा नाही.