बाभळीची खुंटी

"मग मला दीक्षा का नाही, बाबा?"

जालिंदर तिसऱ्यांदा विचारत होता. टेकडीवरच्या मठात येऊन त्याला एकवीस दिवस झाले होते. पाणी भरून झालं, शेण काढून झालं. सुभानगीर बाबा मात्र हूं की चूं करत नव्हते.

"मला कशाची ओढच नाही," तो म्हणाला. "बाप जंगलखात्यात शिपाई. सोळा वर्षांचा होईतो अकरा गावं झाली. अकरा गावांचं पाणी प्यालो, पण एकाही गावासाठी टिपूस गाळलं नाही. लोक जन्मभर घासून जे मिळवतात, ते मला बापाच्या बदल्यांनी फुकटात दिलं."

"झोप लागते?"



"लागते, पण दारात गाडी थांबली की छातीत धडधडून जाग येते," जालिंदर म्हणाला. "ते काय, लहानपणचंच आहे."

"घरी कोण?"

"बायको. दीड वर्षाची पोर. त्यांचीही ओढ नाही."

"पोरीची झबली कुठं ठेवता?"

हे काय विचारणं झालं! त्याला वाटलं, म्हातारा चळला.

"ट्रंकेत. आमच्यात सगळं ट्रंकेतच असतं."

बाबांची नजर त्याच्या पिशवीवर गेली. एकवीस दिवस तेच चाललं होतं. कपडा वाळला की पिशवीत, पिशवीला गाठ, आणि पिशवी काखेत.

बाबा उठले. कोपऱ्यातली बाभळीची एक खुंटी अन् दगड आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"भिंतीत ठोक. पिशवी टांग."

एवढंच ना! जालिंदरनं खुंटी मातीच्या भिंतीला लावली, दगड उचलला... आणि हात वरच राहिला.

"काय झालं रे?"

"आई म्हणायची, ठोकू नको. भिंतीत खिळा मारला की बदलीचा हुकूम येतो. तीनदा तसंच झालं. चौथ्या गावापासून तिनं देवाची तसबीरसुद्धा भिंतीला नुसती टेकवून ठेवली."

"इथं कुठला हुकूम?"

"कुठलाच नाही..."

पण दगड काही खाली येईना.

"बाबा, मला जमत नाही."

बाबांनी त्याच्या हातातली खुंटी घेतली. पिशवीची गाठ सोडली, खुंटी आत टाकली, अन् गाठ न मारताच पिशवी त्याच्या हाती दिली.

"घरी जा. पोरीचा हात पुरेल एवढ्या उंचीवर भिंतीत ठोक."