काप्पाच्या डोक्यावरचं पाणी

फार पूर्वी, चित्रं रंगवून झाली की आपापल्या घरी जात असत, तेव्हाची गोष्ट. एका तूलिकेने, म्हणजे रंगाच्या कुंचल्याने, जपानी गोष्टींतला काप्पा रंगवला. काप्पा म्हणजे नदीत राहणारं, कासवाच्या पाठीचं पोर. त्याच्या डोक्यावर वाटीएवढा खळगा असतो आणि त्यात पाणी असतं. ते गेलं की काप्पा खाली बसतो तो पाणी परत आल्याशिवाय उठत नाही.

तूलिकेने खळगा कोरा ठेवला होता. जलरंगात चमकतं पाणी म्हणजे न रंगवलेला कागद, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी काप्पा नदीकडे निघाला तेव्हा तिला राहवेना.

"डोकं कोरडं दिसतंय रे तुझं."

"भरलेलं आहे, आई."

"थोडा निळा लावते. लोक म्हणतील, पोराला तसंच पाठवलं."

तिने निळा लावला. चमक गेली आणि काप्पाचे गुडघे वाकले. ते पाहून तिने घाईघाईने आणखी निळा लावला, तेव्हा तो खालीच बसला.

"थांब गं बाई," कागद म्हणाला. "आणखी घासलंस तर माझी साल निघेल. फडक्यावर कोरडी हो आणि लावलेलं परत शोषून घे. ओलं आहे तोवरच जमेल."

काही न लावता नुसतं टेकायची तूलिकेला सवय नव्हती. ती टेकली. निळा तिच्या केसांत चढला, खळगा पांढरा झाला आणि काप्पा उठून चालू लागला.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. वळला असता तर पाणी सांडलं असतं, असं तूलिकेने नंतर सगळ्या रंगांना सांगितलं. रंगांनी विचारलं नव्हतं.