अजगराच्या कातेची मोजडी

साप माणसांशी गप्पा मारत त्या काळची गोष्ट. एका राणीला अजगराच्या कातड्याची मोजडी हवी झाली. "साधी मोजडी काय, कुणीही घालतं!" मोजड्या शिवणाऱ्या गेनूला तिने सुरी देऊन रानात पिटाळलं.

अजगर झाडाखाली पसरला होता. गेनूच्या हातातली सुरी बघून म्हणाला, "अरे बाबा, सुरी कशाला? कालच कात टाकलीय, ती ने." गेनूचा जीव भांड्यात पडला. कातेला आतून मखमल लावून त्याने झकास मोजडी शिवली.

राणी हरखली. भर दरबारात पाय पुढे करून सांगू लागली, "केवढं धूड होतं! भाले मोडले तरी मरेना. काय तडफडत होतं!" सगळे "वा, वा!" करू लागले.

मोजडी कशी दिसते ते बघायला आलेल्या अजगराने सिंहासनाखालून डोकं काढलं. "राणीसाहेब, माझे जुने कपडे पायाला चावत नाहीत ना?"

दरबारात खसखस पिकली. राणीने मोजडी काढून गेनूच्या अंगावर भिरकावली.

"राणीसाहेब, मोजडी तर तीच आहे! मघाशी किती आवडली होती तुम्हाला," गेनू म्हणाला.

"मघाशी तो मेलेला होता!" राणी ओरडली.