अर्धे पाऊल मागे

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूंकडे मोक्ष मागितला नाही की ज्ञान मागितले नाही. आणखी एक व्हॉल्व्ह मागितला.

तुम्ही म्हणाल, दृष्टांतात वडाचे झाड असावे, कमंडलू असावा, गेला बाजार एखादा घोडा तरी असावा. तक्रार मान्य आहे. पण हे गुरू मिरजेत राहत आणि गिटारचे अँप्लिफायर तयार करत, त्याला माझा इलाज नाही. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सतारी घडत. यांनी मात्र तरुणपणी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत तापून लाल होत त्या काचेच्या नळ्यांचा, नाद धरला आणि दाढी पांढरी झाली तरी सोडला नाही. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

शिष्याचे नाव श्रीकर. तो मुळात गायक. मास्तरांकडे कारागिरी शिकायला आला तो एका अँप्लिफायरपायी, आणि खरे सांगायचे तर एका मित्रापायी.

हा मित्र रूबेन. तो गिटार वाजवी. दोघे एका गल्लीत वाढले आणि एकाच बँडमध्ये उभे राहिले. रूबेनच्या अँप्लिफायरमध्ये मास्तरांनी स्वतःच्या हाताने एक जादा व्हॉल्व्ह बसवला होता. त्यामुळे त्याचा गेन, म्हणजे तारेचा बारीक आवाज फुगवण्याची ताकद, कंपनीने दिली होती त्याच्या कितीतरी पुढे गेली होती. गिटारवरचे बटण उतरवले की तो अँप्लिफायर स्वच्छ आणि घरंदाज बोले. बटण पुरते उघडले की आवाज दाट होई, त्याला खरखरीत कडा येई, आणि तार जोरात छेडली तर सूर क्षणभर दबून मग छाती भरून बाहेर पडे. गाण्याच्या शेवटी रूबेन एकच सूर धरी. तो सूर विझत नसे. आता संपला असे वाटता वाटता पुन्हा भरत येई, आणि मग तार कुणी पुन्हा न छेडता वरच्या सप्तकात चढे. श्रीकर त्या वेळी माइक खाली धरून नुसता ऐकत राही.

एकच गोष्ट त्याला खटके. हा सूर धरताना रूबेन प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहायचा. गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमानंतर मंडळाच्या लोकांनी त्यावरून नाक मुरडले. तेव्हा श्रीकरने सगळ्यांसमोर रूबेनला सुनावले, "लोक आपलं तोंड बघायला येतात. तुझी पाठ बघायला कोण येणार?"

रूबेनने गिटार पेटीत घातली आणि घरची वाट धरली. पुढे त्याने बँड सोडला आणि पर्यटकांच्या एका जहाजावर वाजवण्याची नोकरी धरली. निघण्यापूर्वी तो श्रीकरच्या घरी आला. श्रीकर घरात नव्हता. रूबेनने अँप्लिफायर श्रीकरच्या आईच्या स्वाधीन केला, अधूनमधून चालू करून तापवत जा म्हणून सांगितले आणि निघून गेला.

त्यानंतर काही वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. फोनमध्ये नंबर होता. पण सुरुवात कुठून करायची ते श्रीकरला सुचत नसे. त्याला रूबेनची फार आठवण येई. सणावाराला, रिकाम्या स्टेजवर, कुणी उगाच गिटारची तार जुळवताना ऐकली तरी येई. तो शेवटचा सूर हाती लागला तर रूबेन थोडा तरी परत मिळेल, अशी त्याने मनाची समजूत करून घेतली होती. म्हणून तो गिटार वाजवायला शिकला.

बाकी सगळे आवाज आले. तो सूर काही येईना. छेडला की दोन श्वासांत मावळे.

अँप्लिफायर थकला असणार, असे ठरवून श्रीकरने मास्तरांचे शिष्यत्व पत्करले. तारा जोडायला सोल्डरचा डाग द्यायला शिकला. कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्ह बदलले, गेन वाढवत नेला. अँप्लिफायर दिवसेंदिवस पिसाळत गेला. तारेला बोट लावण्याआधीच फुसफुसू लागला. दोन सूर एकत्र छेडले तर त्यांचे पिठले होई. हलका हात आणि जड हात यांतला फरकच नाहीसा झाला. आणि एवढे करून शेवटचा सूर होता तसाच मरत होता.

अखेर एके दिवशी तो म्हणाला, "मास्तर, अजून एक व्हॉल्व्ह बसवू या. याच्यात दम उरला नाही."

मास्तरांनी वाद घातला नाही. श्रीकरने आजवर जे जे जोडले होते ते सगळे त्याच्याच हाताने काढायला लावले आणि अँप्लिफायर रूबेनच्या काळात होता तसा केला. त्यात सकाळ गेली. जेवणे झाल्यावर त्यांनी त्याला गिटार गळ्यात घालायला सांगितली. श्रीकर सवयीने स्टेजवर उभा राहतो तसा उभा राहिला, तोंड दाराकडे, अँप्लिफायर पाठीमागे. स्पीकरच्या समोर माइक न्यायचा नाही, नेला तर किंचाळतो, हे गायकाला पहिल्या दिवशी शिकवतात. तो धडा त्याने गिटारलाही लावून टाकला होता.

त्याने सूर छेडला. सूर मावळू लागला. तेव्हा मास्तरांनी एक विचित्र गोष्ट केली. अँप्लिफायरचे एकही बटण न फिरवता त्यांनी शिष्याचे खांदे धरले आणि शिष्यालाच हळूहळू फिरवले, थेट स्पीकरकडे तोंड होईपर्यंत.

सूर थबकला. मग बोटाखालची तार आपणहून कंप पावू लागली, गिटारचे लाकूड पोटाशी थरथरले, आणि सूर पुन्हा भरत आला. श्रीकरने बोट उचलले नाही. सूर थांबला नाही.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी आवाज बंद केला. ते म्हणाले, "बोटाचा जोर तारेत किती वेळ टिकणार? तो संपला की तार गप्प होते. सतारीच्या तरफा, त्या खालच्या बारीक तारा, आठव. त्यांना कुणी छेडत नाही, तरी वरची तार वाजली की तिच्या आवाजाने त्या आपोआप गुणगुणतात. इथंही तेच आहे. स्पीकरचा आवाज परत तारेपर्यंत पोचला, तर ती पुन्हा बोलते. मी व्हॉल्व्ह वाढवला तो हाक लांब जावी म्हणून. उत्तर कुठं उभं राहिलं की येतं, ते रूबेनने शोधलं. तू हाकच मोठी करत बसलास, आणि उत्तराच्या वाटेत आडवा उभा राहिलास."

मग आधी का सांगितले नाही, असे श्रीकरने विचारले.

"तू व्हॉल्व्हचं विचारलंस, मी व्हॉल्व्हचं सांगितलं," मास्तर म्हणाले. "रूबेन लोकांकडे पाठ का करतो, हे तू कधी विचारलं नाहीस. त्यालाही विचारलं नसशील."

श्रीकर खाली बसला आणि रडला. मास्तर शेजारी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी श्रीकरने फोन बाकावर ठेवला, स्पीकरकडे तोंड करून तो सूर धरला, तेवढाच रेकॉर्ड केला आणि रूबेनला पाठवला. खाली लिहिले, "पाठ का करायचास ते आता कळलं. तेव्हाच विचारायला हवं होतं."

उत्तर आले नाही. जहाज कुठल्या समुद्रात असेल, रूबेन फोन बघत असेल की नाही, कोण जाणे. श्रीकर रोज अँप्लिफायर तापवी, सूर धरी आणि फोन पाही. सूर टिकत होता, पण वरच्या सप्तकात काही चढत नव्हता. मास्तरांना त्याने त्याबद्दल विचारले. ते म्हणाले, ते मला ठाऊक नाही, त्यालाच विचार.

मोठ्याने बोलायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. समोरचा तसा का उभा आहे, एवढे विचारायचे मात्र राहून जाते.

एका सकाळी व्हॉल्व्ह नुकते लालसर होत असताना फोन वाजला. रूबेनचा निरोप होता. त्यात रागाचा शब्द नव्हता, क्षमेचाही नव्हता.

"फार जवळ उभा आहेस. अर्धं पाऊल मागे ये, मग वर चढेल."

श्रीकरने गिटार गळ्यात घातली, स्पीकरकडे तोंड केले आणि अर्धे पाऊल मागे सरला.