ठिपकीची कणी आणि तिरका शेंदऱ्या

एक होतं परस. परसात होती ठिपकी. कोंबडीचं पिल्लू, एवढुसं!

ठिपकीला सापडली तांदळाची कणी. पांढरी, एकुलती एक. ठिपकीने चोच उघडली, तोच धप्प! शेंदऱ्या कोंबड्याने कणीवर पाय ठेवला. आणि डोळा रोखून बघत राहिला.

"शेंदऱ्याकाका, पाय उचला."

शेंदऱ्या हलेना.

तुरु तुरु तुरु. ठिपकी गेली आईकडे.

"आई, शेंदऱ्या हलेना, माझी कणी मिळेना. बघ, डोळा रोखलाय."

आई म्हणाली, "बघू दे की. बघून काय होतंय? कुत्रा भुंकला, तर मी येईन."

मागे शेंदऱ्याने मान फुगवली. फुर्र!

तुरु तुरु तुरु. ठिपकी गेली कुत्र्याकडे.

"कुत्रेदादा, आई येईना, शेंदऱ्या हलेना, माझी कणी मिळेना. बघा, मान फुगवलीय."

कुत्रा म्हणाला, "थंडी वाजत असेल. माझ्या शेपटीवर मनी मांजर झोपलीय. मनी उठली, तर मी भुंकेन."

थंडी? एवढ्या उन्हात? ठिपकीने कपाळाला पंख लावला.

मागे शेंदऱ्याने एक पंख खाली पाडला. खर्र खर्र!

तुरु तुरु तुरु. ठिपकी गेली मनीकडे.

"मनीताई, कुत्रा भुंकेना, आई येईना, शेंदऱ्या हलेना, माझी कणी मिळेना. बघ, पंख पाडलाय."

मनी म्हणाली, "दुखत असेल बिचाऱ्याचा. माझ्या वाटेत शेळी उभी आहे. शेळी सरकली, तर मी उठेन."

ठिपकी वैतागली. दुखरा पंख कुणी असा मातीत ओढतं का?

मागे शेंदऱ्या कणीभोवतीच तिरका तिरका चालू लागला. टप टप, टप टप!

तुरु तुरु तुरु. ठिपकी गेली शेळीकडे.

"शेळीमावशी, मनी उठेना, कुत्रा भुंकेना, आई येईना, शेंदऱ्या हलेना, माझी कणी मिळेना. बघ, तिरका चाललाय."

शेळी म्हणाली, "बें! नाचतोय तो. छान नाचतोय. यमूकाकूने दावं सोडलं, तर मी सरकेन."

नाचतोय म्हणे! ठिपकीच्या डोक्याला नुसता ताप झाला.

तुरु तुरु तुरु. ठिपकी गेली यमूकाकूकडे. काकू भांडी घासत होती. घस घस, घस घस.

"काकू, शेळी सरकेना, मनी उठेना, कुत्रा भुंकेना, आई येईना, शेंदऱ्या हलेना, माझी कणी मिळेना."

तेवढ्यात शेंदऱ्या कणी सोडून काकूकडेच निघाला. टप टप, तिरका तिरका. काकू हसली. नाचतोय गं, भूक लागली असेल, असं म्हणून तिने मूठभर तांदूळ घेतले.

आता मात्र ठिपकीने पाय आपटला.

"भूक नाही, काकू. नाच नाही. डोळा रोखला, मान फुगवली, पंख पाडला, तिरका चालला. आता तो टोचणार."

काकूची मूठ थांबली. तिने आपली टाच बघितली. कालही शेंदऱ्या असाच नाचला होता. कालही काकू हसली होती. आणि मग टोच! अजून दुखत होतं.

काकू पळाली नाही. काकूने मारलंही नाही. तिने तांदूळ ठेवले, खाली वाकली, आणि दोन्ही हातांनी हळूच, गप्पकन, क्वॉक! शेंदऱ्या काखोटीला.

तशीच जाऊन काकूने दावं सोडलं. शेळी सरकली. मनी उठली. कुत्रा भुंकला, कुणावर ते त्यालाच माहीत. आई धावत आली.

"आता कशाला?" ठिपकी म्हणाली.

पण कणी मोकळी होती. टिप! गट्टम.

काकूने उरलेली भांडी एका हाताने घासली. शेंदऱ्या काखोटीतच. हळूहळू त्याची फुगलेली मान बसली, डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेंदऱ्याने परत डोळा रोखला. नुसता डोळाच.

"काकू," ठिपकी म्हणाली.

काकूने हात पुढे केला.

शेंदऱ्या लगेच दुसरीकडे बघू लागला.

कणी गेली पोटात, शेंदऱ्या आला ताळ्यावर.